पुण्याच्या एरंडवण्यात खिशाला झेपेल असा भाड्याचा फ्लॅट कसा शोधायचा

आधी ॲपवरची फिल्टरं काढून टाका. लिफ्ट, पार्किंग, मॉड्युलर किचन सगळं टिक केलं की प्रभात रोड-एरंडवण्यात जे उरतं ते आपल्या पगारातलं नसतंच. आपल्याला हवीये जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग आणि तिथला सगळ्यात वरचा मजला, घासाघीस होते ती तिथेच.

रिडेव्हलपमेंटच्या वाटेवरची बिल्डिंग तर सोडूच नका. मालक आता रंगावरही पैसे घालणार नसतो त्यामुळे भाडंही बेतानं मागतो. फक्त थेट विचारा, बिल्डरशी करार झालाय का? झाला असेल तर लवकरच सामान उचलावं लागेल, पण नुसत्या मीटिंगा चालू असतील तर बिनधास्त राहा, आमच्याकडे चार वर्षं मीटिंगाच चालल्यात.

शोधायचं चालत. रविवारी सकाळी गल्ल्यांमधून फिरा, इस्त्रीवाल्याला विचारा, कुठला फ्लॅट बंद आहे, कुणाची मुलं अमेरिकेला गेली हे त्याला वॉचमनपेक्षा जास्त माहीत असतं. मला घर असंच मिळालं आणि ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं वाचलं. मे-जूनमध्ये मात्र नको, तेव्हा कॉलेजची मुलं आणि त्यांचे आईबाबा सगळीकडे फिरत असतात, दिवाळीनंतर बघा.

फ्लॅट बघायला पाण्याच्या वेळेला जा. मी एकदा दुपारी गेले, किचनचा नळ सोडला तर नुसती फुस्स हवा, मालकीणकाकू म्हणाल्या, "अगं सकाळी येतं की." दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले, तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. नमस्कार केला आणि उतरले.

आता भाव. "जरा कमी करा ना" म्हणून काही होत नाही. दर ११ महिन्यांनी नवा भाडेकरू, परत ब्रोकर, परत रंग, याचा मालकांना खरा वैताग असतो, म्हणून सांगायचं की काका, आपण २४ महिन्यांचा करार करू, मी कुठे जात नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, ६० महिन्यांपर्यंत करता येतं, ११ च महिने असा काही नियम नाहीये.

करार रजिस्टर करायचाच, कायद्याने ती जबाबदारी मालकाची. घरबसल्या ऑनलाइन होतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिट असेल तर त्यावर थोडी जास्त), शहरात रजिस्ट्रेशनचे १००० रुपये, खर्च निम्मा-निम्मा असं आधीच बोलून घ्या. लॉक-इन (किती महिने घर सोडता येणार नाही ते) आणि नोटीस पिरियड स्वतः वाचा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा चार्ज लावते तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, तेव्हा "सोसायटीचे खूप लागतात हो" असं ऐकवलं तर पावती दाखवा म्हणा.

एवढं करूनही जमलंच नाही तर आनंदनगर, वनाझकडे सरका. तिथून मेट्रो थेट नळस्टॉपला, म्हणजे एरंडवण्यातच आणते, फक्त स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, ब्रोकरची "पाच मिनिटं" स्कूटरवरची असतात.