विमान बेवर घेताना

पोरांनो, मी मुंबईच्या सहार विमानतळावर, रॅम्पवर म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, सव्वीस वर्षं काढली. लोडर म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. विमानांची टक्कर म्हटली की लोकांना आकाश आठवतं. मला आठवतो बे, म्हणजे एक विमान उभं करायची जागा, आणि माणसाच्या चालीने आत येणारं विमान.

विमान दिसायच्या दहा मिनिटं आधी बेवर पोचा. बेच्या हद्दीच्या लाल रेषेच्या आतला सगळा भाग पायी फिरा. सुटा बोल्ट, बॅगेचं तुटकं चाक, पॅकिंगची पट्टी, जे सापडेल ते उचला. एरोब्रिज, म्हणजे प्रवाशांचा तो बोगदा, मागे, त्याच्या ठरलेल्या जागी आहे ना, ते बघा. मग दोन वेगळ्या नजरा टाका. एक बुटक्या वस्तूंसाठी: ए-३२० विमानाच्या इंजिनाचं बूड जमिनीपासून जेमतेम दोन फूट, त्यामुळे ट्रॉली पंखाखालून सुटली तरी इंजिनाच्या वाटेत सापडते. दुसरी उंच वस्तूंसाठी: शिडी, वर उचललेली केटरिंगची गाडी, शेजारच्या विमानाचं शेपूट. बे मोकळा नसेल तर वाँड, म्हणजे खुणा करायच्या कांड्या, वर करू नका, कॅप्टनला वाट दाखवणारी डॉकिंगची स्क्रीनही लावू नका. विमान बाहेर थांबेल. कॅप्टन कुरकुरेल, कुरकुरू दे.

शार्कलेटवाल्या, म्हणजे टोकं वर वळवलेल्या, ए-३२० चा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३५.८ मीटर. एवढ्या विमानाला बेवर बाजूला ४.५ मीटर मोकळी जागा लागते, ७७७ सारख्या मोठ्या धुडाला ७.५. ऐकायला भरपूर वाटते. पण विमान वळतं तेव्हा मागे झुकलेल्या पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला आणखी फेकलं जातं, आणि कॅप्टनला आपल्या खुर्चीतून ते टोक नीट दिसत नाही. म्हणून विंग वॉकर, पंखाच्या टोकाबरोबर चालून ते कशाला लागत नाही ना, हे बघणारा माणूस.

विंग वॉकरने टोकाच्या रेषेत, जरा बाहेरून चालायचं. वाट मोकळी असेल तर उजवा वाँड डोक्यावर सरळ, डावा खाली रोखून अंगाकडे आणायचा. शंका आली की दोन्ही वाँड झटक्यात डोक्यावर फुली. खात्री करायला थांबायचं नाही, फुली आधी. विमानाला समोरून खुणा करून आत घेणाऱ्या मार्शलरने नजर सारखी दोन्ही टोकांकडे फिरवायची. एक जरी विंग वॉकर दिसेनासा झाला, तर विमान उभं करायचं.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. जुलैची रात्र, धो धो पाऊस, ओल्या डांबरावर दिव्यांची चकाकी. डाव्या पंखाला मी होतो. शेजारच्या बेवरची शिडी लाल रेषेच्या आत हातभर आली होती. मला ती दिसली होती! ड्रायव्हर आत बसलाय, मागे घेईल, असं वाटलं. ड्रायव्हर चहाला गेला होता. शिडीचा कठडा पंखाच्या टोकाला लागला, आवाज पत्र्याचा डबा चेपल्यासारखा. ओरखडा वीतभर, पण विमान सकाळी उडालं नाही.

विमान थांबलं म्हणून धावू नका. इंजिन बंद आणि विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा, बीकन, विझलेला, दोन्ही झाल्यावरच जवळ जायचं. २०१५ च्या डिसेंबरात मुंबईतच, विमान बेवरून निघताना, एका तंत्रज्ञाला चालू इंजिनाने ओढून घेतलं होतं. आधी चाकांना चॉक, म्हणजे अडण्या, मग पंखांच्या टोकांना आणि इंजिनांपुढे इशाऱ्याचे शंकू, त्यानंतर गाड्या. गाडी विमानापाशी न्यायच्या आधी एकदा पूर्ण थांबवून ब्रेक तपासा आणि पुढे एक माणूस हात दाखवायला ठेवा. आणि हो, उभ्या विमानाला आपल्याच गाड्यांनी लावलेले धक्के मी पंखांच्या टकरींपेक्षा जास्त बघितलेत.

असा धक्का लागलाच, तर कुठे खोक पडलीय का ते स्वतः चाचपून निकाल देऊ नका. ७८७ विमानाचं अंग कार्बन फायबरचं. वरून काही दिसत नाही, आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. गाडी तिथेच उभी ठेवा, हलवू नका, आणि इंजिनीअरला हाक मारा. शिव्या बसतील. मलाही बसल्या होत्या, ड्युटी मॅनेजरच्या केबिनमध्ये, ओल्या रेनकोटात उभं राहून.