मॉडेलरचा आवाज मांडवात उभा कसा करायचा

फोंड्याजवळच्या एका जत्रेत ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. डिजिटल मॉडेलर (गिटार ॲम्प आणि इफेक्ट्सची नक्कल करणारं यंत्र) नवाच घेतला होता. महिनाभर रात्री हेडफोन लावून एकेक टोन घासूनपुसून तयार केला होता. दुसऱ्याच गाण्यात साउंडवाला मिक्सरवरून हात हलवत ओरडला, ‘‘गिटार आयकूंक येना मरे!’’ फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) तर वरच होता. पण ढोलकी, कीबोर्ड आणि ट्रंपेट यांच्यामागे माझी गिटार नुसती भुणभुणत होती. यंत्र चांगलं होतं. टोन चुकीच्या जागी बनवले होते.

तेव्हा सगळ्यात आधी हे करा: टोन मोठ्या आवाजावर बनवा. आवाज कमी असला की आपल्या कानाला बास आणि ट्रेबल मुळातच कमी ऐकू येतात. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. घरी ऐकताना आपण नकळत बास-ट्रेबल वाढवतो, मिड कापतो आणि खूश होतो. तोच टोन स्टेजवरच्या ९५-१०० डेसिबलला गेला की बास घुमतो, ट्रेबल कानात टोचतं, आणि गिटारचा खरा आवाज ज्या मिडमध्ये असतो तो तर आपण आधीच काढून टाकलेला असतो.

एखाद्या दुपारी बँडच्या तालमीची खोली मागून घ्या. १० किंवा १२ इंची पीए स्पीकर (प्रेक्षकांसाठी लावतात तो) जमिनीवर न ठेवता स्टँडवर चढवा. फोनवर बास आणि ड्रम्सचा साधा ट्रॅक सोबत लावा आणि त्याच्याबरोबर वाजवत टोन बनवा. एकट्याने ऐकताना भरदार वाटणारा टोन बँडमध्ये हमखास चिखल करतो. मध्येमध्ये कानांना विश्रांती द्या. थकलेला कान ट्रेबल वाढवायला सांगतो.

आता कॅब, म्हणजे गिटार ॲम्पचा स्पीकरचा खोका. मॉडेलरमधून थेट मिक्सरला जाणार असाल तर कॅब सिम्युलेशन (त्या खोक्याची नक्कल) किंवा आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाचा नमुना) चालू हवाच, नाहीतर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं वाजतं. मागे खरा गिटार ॲम्प असेल आणि त्याच्या रिटर्नमध्ये जोडणार असाल, तर त्या वाटेवर कॅब बंद करा. बहुतेक चांगल्या मॉडेलरमध्ये दोन्ही आउटपुट वेगळी ठेवता येतात. मिक्सरला जाणाऱ्या एक्सएलआरवर (तीन पिनांची जोडणी) कॅबसह, ॲम्पला जाणाऱ्या जॅकवर कॅबशिवाय.

त्यानंतर कापाकापी, आणि इथे मात्र हात आखडता घेऊ नका. गिटार ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. पीएचा स्पीकर वरचं सगळं देतो. म्हणून कॅबच्या ब्लॉकमध्ये हाय कट (त्याच्या वरचा आवाज कापणारा फिल्टर) ६ ते ७ किलोहर्ट्झवर लावा. खाली लो कट (त्याच्या खालचा कापणारा) ९० हर्ट्झच्या आसपास. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, बास गिटारची ४१ वर. तळची जागा बासवाल्याची आहे, ती त्यालाच द्या. मग ७०० हर्ट्झ ते दीड किलोहर्ट्झ या पट्ट्यात दोनेक डेसिबल वाढवून पाहा. आपल्याकडे बँडमध्ये ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन असतोच, आणि तोही इथेच बोलतो. तो कुठे दाटतो ते ऐकून तुमची वाढ थोडी वर-खाली सरकवा.

गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारं बटण, घरच्यापेक्षा एक तृतीयांश कमी. पटणार नाही, पण मोठ्या आवाजात सस्टेन आपोआप येतो, आणि जास्त गेनचा आवाज दबून मागे जातो. रिव्हर्बही कमी, कारण पत्र्याच्या हॉलमध्ये तो फुकटच मिळतो. सोलोसाठी गेन वाढवू नका. साखळीच्या शेवटी व्हॉल्यूमचा ब्लॉक घालून ३ डेसिबल वाढवा. डिस्टॉर्शनच्या टोनवर गेन वाढवला की आवाज मोठा होत नाही, फक्त चपटा होतो. क्लीन आणि ड्राइव्हचे टोन एकमेकांशी जुळवतानाही मीटरकडे न पाहता त्याच ट्रॅकवर कानाने जुळवा.

कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचल्यावर साउंडवाल्याला तीन गोष्टी आधीच सांगा: एकच मोनो लाइन देतोय, या चॅनलचा फँटम (मिक्सरमधून माइकला जाणारी वीज) बंद ठेव, मॉडेलरचं आउटपुट माइक लेव्हलवर आहे. लाइन लेव्हल माइकच्या इनपुटमध्ये घातली तर मिक्सरवर आवाज फाटतो आणि दोष तुमच्या टोनला मिळतो. पीए मोनो असेल तर स्टिरिओ कोरस किंवा पिंगपाँग डिले अर्धाच ऐकू येतो, म्हणून ते मोनोमध्येच तपासून घ्या. मागे ॲम्प नसल्यामुळे ड्रमरलाही तुम्ही ऐकू येत नाही. त्याच्या मॉनिटरमध्येही गिटार मागा.

घरघर हा जत्रेतला नेहमीचा त्रास. मिक्सर जनरेटरवर आणि तुम्ही देवळाच्या मीटरवर असाल तर ती येणारच. मिक्सर ज्या बोर्डावर आहे तिथूनच वायर ओढून घ्या. तरीही राहिली तर मॉडेलरवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे लोक अजून भेटतात. कोणी तसं करायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. बोटं तारांवर, ओठ माइकच्या जाळीला आणि पाय पावसाने ओल्या मातीवर असताना ती पिन जीव वाचवते.

उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम लवकर सुरू होतो आणि साउंडचेकला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत प्रीसेट (साठवून ठेवलेले टोन) उघडायचे नाहीत. जागेनुसार जे काही बदलायचं ते ग्लोबल ईक्यूमध्ये, म्हणजे सगळे टोन एकदमच सुधारतात. मॉडेलरच्या लूपरमध्ये चार मात्रांचा रिफ रेकॉर्ड करून तो चालू सोडा. बँडला सोबत वाजवायला सांगा आणि तुम्ही खाली उतरून शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालत जा. तिथे आवाज बोचत असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी, घुमत असेल तर २०० हर्ट्झजवळ कमी, हरवत असेल तर साउंडवाल्याकडे फेडर मागायच्या आधी ८०० वर थोडं वाढवा. परत वर या, लूपर थांबवा, गिटार सुरात लावा.