कायोटीसाठी रायफल आणि कॅलिबर निवडताना: आधी नळीचा पीळ विचारा

आमच्या कॅन्ससमधल्या शेतावर फेब्रुवारी-मार्चमध्ये शेळ्या वितात आणि नेमक्या त्याच दिवसांत कायोटी (इथला कोल्ह्यासारखा रानटी शिकारी प्राणी) कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारायला लागतात. गेली चौदा वर्षं मी इथे करडं राखते आहे. रायफल घ्यायला निघालेल्या नव्या माणसाला दुकानात आणि शेजारीपाजारी जो सल्ला मिळतो, तो ऐकून आता माझा धीर सुटतो. सगळे कॅलिबरवर, म्हणजे गोळीची जाडी आणि काडतुसाचा प्रकार यांवर, तासन् तास वाद घालतात. कॅलिबरचा निर्णय दहा मिनिटांचा आहे. माणूस अडकतो तो पुढे, नळी आणि गोळी यांची जोडी जमवताना. मीही तिथेच अडकले होते.

कायदा आणि परवाना

कॅन्ससमध्ये कायोटीचा मोसम वर्षभर असतो, पण राज्यागणिक नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचे वाचा. भारतातून आलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मित्राची बंदूक हातात घेतली तरी तो लागू होतो. ग्रीनकार्डधारकांना ही अट नाही. म्हणून परवाना आधी, रायफल नंतर.

जनावर नीट ओळखा

कायोटी आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असतो. आमच्या मैदानी भागातला नर साधारण १० ते १६ किलोचा भरतो. हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे तो आहे त्याहून बराच मोठा दिसतो. काळीज आणि फुप्फुसं मिळून जागा जेमतेम चार-पाच इंचांची. एवढ्या जनावराला फार ताकदीचं काडतूस लागत नाही. लागते ती अचूकता, आणि आत शिरून लगेच फुटणारी गोळी.

कॅलिबर

पहिलीच रायफल असेल तर .२२३ रेमिंग्टन घ्या. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगाने सुटते. धक्का इतका कमी बसतो की गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते, आणि नेम कुठे चुकला हे कळल्याशिवाय कोणी सुधारत नाही. काडतुसं गावातल्या छोट्या दुकानातही मिळतात.

.२२-२५० रेमिंग्टन त्याच वजनाची गोळी सुमारे ३,६८० फुटांनी फेकते. उघड्या माळावर २५०-३०० यार्डांपर्यंत (यार्ड म्हणजे मीटरहून किंचित कमी) मारायचं असेल तर ती खरोखर उजवी आहे. .२४३ विंचेस्टर वाऱ्यात जास्त टिकते, शिवाय हरणालाही चालते, म्हणून एकाच रायफलीवर भागवायचं असेल तर ती घ्या. २००४ साली आलेली .२०४ रुगर सपाट जाते, पण तिच्या हलक्या गोळ्या आमच्याकडच्या वाऱ्यात फार सरकतात. ६.५ क्रीडमूर हे मोठं काडतूस मारणारी रायफल घरात असेल तर जरूर वापरा, मात्र कायोटीसाठी म्हणून विकत घेऊ नका.

.१७ एचएमआर आणि .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसांनी कायोटी मरतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. जवळून, अगदी नेमक्या जागी लागली तर मरतो. थोडी इकडेतिकडे लागली की जखमी जनावर झाडोऱ्यात निघून जातं आणि दोन दिवस कण्हत मरतं. मी त्या रायफली घेऊन कायोटीवर जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

पीळ आणि गोळी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझी पहिली .२२३ जुनी, दुसऱ्या हातातली होती. दुकानातल्या माणसाने सांगितलं, ‘जड गोळी घ्या, वाऱ्यात हलत नाही.’ मी ६० ग्रेनच्या, प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्यांचे पाच डबे घेतले. सप्टेंबरच्या उन्हात कागदावर भोकं बऱ्यापैकी जवळजवळ पडली आणि मी निर्धास्त झाले. जानेवारीत, उणे पंधराच्या थंडीत, कुंपणाशी आलेल्या दोन कायोटींवर लागोपाठ नेम चुकला. दुर्बीण हलली असेल म्हणून पुन्हा कागद लावला. शंभर यार्डांवर भोकं बशीएवढ्या जागेत विखुरलेली होती, आणि गोल नव्हे, लांबट होती. गोळी डगमगत, तिरकी होऊन कागदात शिरत होती. त्या आठवड्यात माझी तीन करडं गेली.

कारण नळीत होतं. रायफलीच्या नळीच्या आत आटे असतात आणि ते गोळीला फिरकी देतात. त्या आट्यांचं वळण म्हणजे पीळ. १:१२ म्हणजे बारा इंच पुढे जाताना गोळी एकदा फिरते, १:८ म्हणजे आठ इंचांत एकदा. भोवऱ्याची फिरकी कमी पडली की तो जसा डुलायला लागतो, तसंच गोळीचं होतं. गोळी जितकी लांब, तितकी जास्त फिरकी हवी. इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. प्लास्टिकचं टोक लांबी वाढवतं. थंड हवा दाट असते, त्यामुळे उन्हाळ्यात कशीबशी सरळ जाणारी गोळी हिवाळ्यात डगमगते. माझ्या नळीचा पीळ १:१२ होता. त्या नळीला ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मानवतात, ६० ग्रेनची लांब गोळी काठावर होती आणि थंडीने तिला काठावरून ढकललं.

म्हणून रायफल हातात घेताच पहिला प्रश्न पिळाचा विचारा. नव्या रायफलीवर तो बहुतेक वेळा नळीवरच कोरलेला असतो. जुनीवर नसेल तर स्वतः मोजा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढून ठेवा. मूठ फिरणारा सफाईचा गज घ्या, त्यावर घट्ट बसणारी चिंधी लावा आणि नळीत थोडा आत ढकला. गजाच्या वरच्या बाजूला शाईची खूण करा, नळीच्या तोंडाशी किंवा मागच्या कडेशी गजावर दुसरी खूण करा. मग सावकाश ढकलत राहा. वरची खूण पूर्ण फेरी मारून पुन्हा वर आली की गज किती इंच आत गेला ते मोजा. हे तीनदा करा, कारण चिंधी कधी कधी घसरते.

.२२३ मध्ये १:९ किंवा १:८ घ्या, ५० ते ५५ ग्रेनच्या गोळ्यांनी कायोटीचं सगळं काम होतं. १:७ चालते, पण ३५-४० ग्रेनच्या अति पातळ कवचाच्या गोळ्या तिच्यात घालू नका, जास्त फिरकीने त्या हवेतच फुटू शकतात. जुन्या .२२-२५० मध्ये बऱ्याचदा १:१४ सापडतो, तिथे ५५ ग्रेनच्या पुढे जाऊ नका. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, म्हणून तिकडे राहणाऱ्यांनी पिळाकडे दुप्पट लक्ष द्यावं.

गोळीच्या बनावटीबद्दल माझं मत ठाम आहे. पूर्ण कवचाची (शिशावर सगळीकडून धातूचं आवरण असलेली), न फुटणारी गोळी कायोटीसाठी नको. ती आरपार जाते, जनावर पळतं, आणि गोठलेल्या जमिनीवर आपटून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पातळ कवचाची, फुटणारी गोळीच हवी. पण तिचाही अतिरेक करू नये. एकदा शेजाऱ्याची .२२-२५० घेऊन मी चाळीस पावलांवरून ४० ग्रेनची गोळी कायोटीच्या खांद्यावर मारली. अफाट वेगामुळे गोळी हाडावरच फुटली, वर मोठी जखम झाली आणि आत काहीच पोचलं नाही. बर्फातल्या रक्तावरून तीन तास चालत जाऊन त्या जनावराला सोडवावं लागलं. त्या दिवसापासून मी .२२-२५० मध्ये ५०-५५ ग्रेनखाली उतरत नाही आणि हाडापेक्षा बरगड्यांमागे नेम धरते.

आणखी एक. ५.५६ नाटो हे लष्करी काडतूस .२२३ च्या नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत बसतं म्हणून मारू नका, त्याचा दाब जास्त असतो. .२२३ चं काडतूस ५.५६ च्या रायफलीत मात्र चालतं. नळीवर .२२३ वाइल्ड (खोबणीचा एक प्रकार) लिहिलं असेल तर दोन्ही चालतात.

रायफलीचा प्रकार

बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायची) घ्या, नळी २० ते २४ इंच. एकाच हाकेला (कायोटीला जवळ बोलावण्यासाठी काढलेल्या आवाजाला) तीन-चार कायोटी येत असतील तर एआर-१५, म्हणजे आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल.

दुर्बीण

३-९ पट पुरते. हाक देताना ती ३ वरच ठेवा, कायोटी वीस यार्डांवर अचानक उगवतो.

नेम बसवणं

.२२३ ला शंभर यार्डांवर दीड इंच वर बसवा. ती दोनशेवर बरोबर येते आणि तीनशेवर सहा-सात इंच खाली उतरते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा दोनशे यार्डांवर चार-पाच इंच सरकवतो, म्हणजे काळजाच्या जागेएवढं. मी वाऱ्याच्या दिवशी दीडशेच्या पुढे मारत नाही. आणि कॅन्ससची जमीन सपाट आहे. जनावराच्या मागे मातीचा उतार दिसत नसेल तर चापाला बोट लावू नका.

आवडलेली गोळी सापडली की एकाच खेपेचे दहा डबे घ्या. २०२०-२१ च्या टंचाईत .२२-२५० चं एक काडतूसही मिळत नव्हतं, तेव्हा माझं काम साठ्यावरच चाललं. आणि पहिली कडक थंडी पडली की एका सकाळी रायफल तासभर बाहेर ठेवून पुन्हा पाच गोळ्या कागदावर मारा. भोकं गोल आहेत का ते बघा.