असिस्टंटची आठवण कुठे ठेवायची?

एआय असिस्टंटला मागचं बोलणं लक्षात राहावं म्हणून मेमरी टूल जोडताना पहिला प्रश्न येतो: स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं की कंपनीची तयार सेवा घ्यायची? मेम-झिरोसारख्या टूलमध्ये दोन्ही सोयी आहेत.

बरेच जण ‘डेटा आपल्याकडेच राहील’ म्हणून स्वतःचा सर्व्हर घेतात आणि इथेच फसतात. डेटाबेस आपला असला, तरी संभाषणातून ‘याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ एवढं वाक्य वेचून काढायचं काम एक भाषा-मॉडेल करतं. ते मॉडेल बाहेरचं असेल, तर अख्खं संभाषण बाहेर गेलंच की! म्हणून आधी सेटिंगमध्ये मॉडेल आणि एम्बेडिंग (मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत मांडणं) कुठून येतं ते बघा. दोन्ही ओलामावर (मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर) घरीच चालवता येतात, पण त्याला दमदार मशीन लागतं.

एम्बेडिंग मध्येच बदलू नका. १५३६ आकड्यांच्या व्हेक्टरसाठी, म्हणजे तशा यादीसाठी, केलेल्या रकान्यात ७६८ चा व्हेक्टर बसत नाही. सगळ्या नोंदी नव्याने कराव्या लागतात. त्यामुळे मूळ मजकूर जपून ठेवा.

रुग्णांची किंवा अशिलांची माहिती असेल तर मी स्वतःचा सर्व्हरच निवडेन. नुसता प्रयोग असेल तर तयार सेवा बरी. रात्री दोनला डिस्क भरली म्हणून उठायला नको. फक्त पैसे भरण्याआधी दहा खोट्या नोंदी टाका, त्या एक्सपोर्ट करून बघा, मग एक पुसा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. पुसलेली ॲलर्जी उत्तरात परत डोकावली, तर ती सेवा नको.