लटकणारी पणती खाली कशी टेकवली

दिवाळीची भेटकार्डं मी घरीच करते. ए-फोर आकाराचा जाड कागद आडवा अर्धा कापायचा, तुकडा दुमडायचा, की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड तयार. यंदा पणतीचा रबरी ठसा अगदी मधोमध उमटवला. शाई छान बसली, पण पणती हवेत लटकल्यासारखी दिसायला लागली. पाच कार्डं तशीच झाली. फार वाईट वाटलं.

मग तोच ठसा ट्रेसिंग पेपरवर उमटवला, कडेने कापला आणि तो तुकडा कोऱ्या कार्डावर सरकवत बसले. उजवीकडे, खालच्या कडेपासून साधारण तीन सेंटिमीटरवर आल्यावर पणती एकदम कुणीतरी ठेवल्यासारखी वाटली. बुडाशी पट्टी धरून एक बारीक रेघ ओढली, झाला उंबरठा! वरची जागा मोकळीच सोडली. ज्योतीला ती हवीच.

मागे दुसरी पणतीही हवी होती. इथे क्रम महत्त्वाचा: पुढची पणती आधी छापायची. तीच पणती स्टिकी नोटवर, मागची गोंदाची पट्टी पणतीच्या आकारात येईल अशी उमटवून रेघेच्या किंचित आतून कापायची. बाहेरून कापली तर दोन पणत्यांमध्ये पांढरी फट राहते. तो तुकडा छापलेल्या पणतीवर चिकटवून शेजारी दुसरा ठसा मारायचा, थोडा वर. कागद उचलला आणि मागची पणती अलगद आड गेली होती!

बिघडलेल्या पाच कार्डांवरच्या पणत्या कापून नव्या कार्डांवर, उंबरठ्याच्या रेघेवर चिकटवल्या.