कॉम्प्युटर गेला म्हणण्याआधी: जुन्या गाडीचं ईसीएम बदलताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे गेला की हायवेच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या अल्टो, वॅगनआर, सँट्रो हमखास दिसतात. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. टोचन लावून गाडी गॅरेजला आली की थोड्याच वेळात निदान होतं, "कॉम्प्युटर गया भो." मग कुठून तरी जुनं ईसीएम (इंजिनला पेट्रोल आणि ठिणगी कधी द्यायची हे ठरवणारा कॉम्प्युटर) आणलं जातं, पैसे जातात, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा त्याच जागी उभी.

ईसीएम बिघडतच नाही असं नाही. वीसेक वर्षांच्या गाडीत आतले कपॅसिटर सुकतात, सोल्डरिंगला बारीक तडे जातात. पण संशयितांच्या यादीत त्याचा नंबर शेवटचा हवा. आणि ते खरंच गेलं असेल, तर कशामुळे गेलं हे कळेपर्यंत दुसरं लावायचं नाही. एवढं पाळलं तरी अर्धा खर्च वाचतो.

तापल्यावर बंद, गार झाल्यावर चालू

खान्देशात सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण हेच. चाळीसगावहून धुळ्याला निघालेली गाडी दुपारी बंद पडते, तासभर सावलीत उभी केली की एका सेल्फवर चालू होते. याचा आरोप लगेच ईसीएमवर येतो. यात पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर. काही गाड्यांत त्याचं काम कॅम सेन्सर करतो. सेन्सरच्या आतलं वेटोळं किंवा चिप तापली की सिग्नल तुटतो, आणि सिग्नल नसला की ईसीएम ठिणगीही देत नाही, पेट्रोलही देत नाही.

तपासणी सोपी आहे. ईसीएममधली माहिती दाखवणारा स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघा. इंजिन फिरत असताना आकडा शून्यच राहिला, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर बघा. गाडी बंद पडलेली असतानाच सेन्सरवर ओलं फडकं धरा. गार होताच इंजिन चालू झालं तर ईसीएमला हात लावायची गरज नाही. उलट इंजिन गार असताना डॅशबोर्डखालच्या ईसीएमला हेअर ड्रायरची हलकी ऊब दिली आणि गाडी बंद पडली, तर सोल्डरिंगच्या तड्याचा संशय खरा.

चेक लाइट लागत नाही, स्कॅनर बोलत नाही

किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. तो लागत नसेल तर बल्ब, फ्यूज आणि मेन रिले (ईसीएमला वीज जोडणारा स्विच) आधी बघा. मग अर्थिंग. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी ईसीएमच्या अर्थच्या वायरवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगच्या नटाखाली गंज आहे. तो घासून साफ करायला पैसे लागत नाहीत. त्याच वेळी बॅटरीवरचा व्होल्टेजही बघा. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली जात असेल तर दोष बॅटरीचा असू शकतो, कारण इतक्या कमी व्होल्टेजवर चांगलं ईसीएमसुद्धा रिसेट होऊ शकतं.

यानंतरची तपासणी बरेच जण सोडून देतात. ईसीएम थ्रॉटल आणि मॅप (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरला 5 व्होल्ट पुरवतं. यातला एखादा सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट झाली की ईसीएम मेल्यासारखं वागतं. दिवा नाही, स्कॅनर नाही, काहीच नाही. किल्ली ऑफ करून एकेक सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि प्रत्येक वेळी किल्ली ऑन करून दिवा बघा. ज्या कपलरनंतर दिवा परत आला, दोष त्याच फांदीवर.

मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जुळला नाही म्हणून ईसीएम खराब ठरवणं ही तर सरळ चूक. आपल्याकडे ओबीडी-2 चा, म्हणजे दोष शोधायच्या एकसारख्या पद्धतीचा नियम एप्रिल 2013 पासून आला. त्याआधीच्या अनेक गाड्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतात आणि तो स्वस्त डबा ती भाषा ओळखत नाही. त्या गाडीला चालणारा स्कॅनर असलेलाच ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

"दुसऱ्या गाडीचं लावून बघू"

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. शेजारच्याची तशीच गाडी असते, तो मनाने चांगला असतो, त्याचं ईसीएम काढून आपल्या गाडीत लावलं जातं. आपलं ईसीएम जर शॉर्ट झालेल्या इग्निशन कॉइलने (ठिणगी देणारी) किंवा आयडल व्हॉल्व्हने (गाडी उभी असताना इंजिनची गती सांभाळणारा) जाळलं असेल, तर तोच शॉर्ट शेजाऱ्याचंही ईसीएम जाळतो. आता बंद गाड्या दोन.

दुसरं ईसीएम जोडण्याआधी त्याच्यावर चालणारा प्रत्येक भाग मोजून घ्या. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुतेक जुन्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत 12 ते 16 ओमच्या दरम्यान असतो. कॉइल, आयडल व्हॉल्व्ह, रिले यांचे आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. एखादा आकडा मॅन्युअलपेक्षा खूपच कमी आला तर मारेकरी सापडला.

एलपीजी किंवा सीएनजी किट असलेल्या गाडीत तर वायरिंग उघडल्याशिवाय पुढे जाऊच नका. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून इम्युलेटर (गॅसवर चालताना ईसीएमला इंजेक्टर चालू असल्याचं भासवणारा डबा) जोडलेला असतो, आणि जोडांवर नुसती टेप गुंडाळलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, उघड्या तारा एकमेकींना लागतात. गाडी शेतातल्या शेडमध्ये किंवा कापूस भरलेल्या खोलीजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही शोधा.

ईसीएम मारणाऱ्या सवयी

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची जुनी रीत कार्बोरेटरच्या गाडीला चालून जायची. एमपीएफआय गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून पन्नासच्या पुढे जाऊ शकतं. तेच काम मल्टिमीटरने होतं: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. पंधराच्या वर आकडा जात असेल तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर बदला.

केळीचा ट्रक मदतीला थांबला म्हणून त्याच्या 24 व्होल्टवरून जंपर लावू नका. बॉडीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर आणि ईसीएमचा कपलर, दोन्ही काढा. मोठ्या बल्बचा टेस्टर ईसीएमच्या पिनांना लावू नका. तो जेवढा करंट ओढतो तेवढा आतला ट्रान्झिस्टर सोसत नाही.

नंबर आणि किल्ली

"अल्टोचं आहे, बसेल" एवढ्यावर व्यवहार करू नका. स्टिकरवरचा पूर्ण पार्ट नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, जुळला पाहिजे. एकाच मॉडेलमध्ये एसी आणि बिनएसी, बीएस-2 आणि बीएस-3 (धुराच्या प्रदूषणाचे टप्पे) यांची ईसीएम वेगळी असू शकतात. कपलर बसला म्हणजे आतलं प्रोग्रॅमिंग जुळलं असं होत नाही.

इमोबिलायझरवाल्या (चोरी टाळायला खरी किल्ली ओळखणाऱ्या) गाडीत ईसीएम आणि किल्लीतली चिप यांची जोडी असते. भंगारातलं नुसतं ईसीएम आणलं तर इंजिन चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं, किंवा चालूच होत नाही. अशा वेळी त्याच गाडीची किल्ली आणि इमोबिलायझर युनिट असा पूर्ण सेट घ्या, नाहीतर तुमच्या जुन्या ईसीएममधला डेटा नव्यात उतरवून देणारा माणूस शोधा. बिल घ्यायला विसरू नका. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या डॅशबोर्डखाली नको.

त्याआधी दुरुस्तीचाही विचार करा. झाकण उघडून फुगलेला कपॅसिटर, हिरवा गंज किंवा काळी जळकी जागा दिसली, तर चांगला कारागीर बऱ्याचदा तेच ईसीएम चालू करून देतो. मग नंबर आणि किल्लीचा प्रश्नच उरत नाही.

पाणी

समोरच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं साचतात, पाणी जायची नळी तुंबते, आणि जूनच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी आत उतरतं. डाव्या बाजूचा गालिचा ओला लागत असेल तर नवं ईसीएम बसवण्याआधी ती जाळी आणि नळी साफ करा.

बसवल्यावर

बॅटरीची मायनस वायर काढूनच ईसीएम बदला आणि ते मूळ ब्रॅकेटमध्येच बसवा, लोंबकळत ठेवू नका. पहिल्यांदा चालू केल्यावर एसी बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर राहू द्या. मग भर दुपारी वीसेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. सकाळच्या गारव्यात घेतलेली चाचणी आपल्याकडे पुरेशी नाही.

आणि काढलेलं ईसीएम गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यात तुमच्या किल्लीचा डेटा आहे, स्टिकरवर योग्य नंबर आहे, आणि नवं बिघडलं तर दुरुस्तीला द्यायला तेच हाताशी लागेल.