पाळी गेल्यानंतर कॅल्शिअम घेताना या चुका टाळा

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं भरून येण्यापेक्षा झिजू लागतात जास्त. पहिल्या काही वर्षांत ही झीज सर्वांत वेगाने होते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे या टप्प्यावर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम हवं. पण ताटातून किती येतं हे न बघताच थेट गोळ्या सुरू केल्या जातात, आणि बाकीच्या चुका तिथूनच सुरू होतात.

जरा हिशेब करा. दिवसभरात ४०० मिली दूध किंवा तेवढ्या दुधाचं दही घेतलं तर सुमारे ४८० मिलिग्रॅम. ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी दोनशेच्या वर. सालासकट तीळ १० ग्रॅम, शंभरेक. (पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ घेऊ नका, बहुतेक कॅल्शिअम सालात असतं.) आठशे इथेच झाले. डाळी-भाज्या धरल्या तर तूट दोन-तीनशेचीच उरते. चहात पडणारं चार चमचे दूध मात्र यात धरू नका.

पालकावर विसंबणं ही फार जुनी चूक. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शिअमला धरून ठेवतं. दुधातलं सुमारे ३० टक्के अंगी लागतं, पालकातलं जेमतेम ५. त्यापेक्षा मेथी, कोबी बरी. मासे खात असाल तर कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट चावून खा.

गोळी लागणारच असेल, तर पाकिटावर ‘एलिमेंटल’ कॅल्शिअमचा आकडा बघा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शिअम ५०० असतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं. कॅल्शिअम सायट्रेटची गोळी कधीही चालते. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. आणि ६०,००० युनिटचं ड जीवनसत्त्व आठवड्यातून एकदा सांगितलेलं असताना रोज घेऊ नका: रक्तातलं कॅल्शिअम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

आता औषधी वनस्पतींकडे. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ म्हणून त्या डॉक्टरांपासून लपवल्या जातात, याची मला खरी काळजी वाटते. शंखभस्म आणि प्रवाळपिष्टी यांत मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटच असतं. कॅल्शिअमची गोळी चालू असताना ती घेतली तर मात्रा नकळत वाढते, मुतखड्याचा धोकाही वाढतो. हाडजोडीवर, म्हणजे कांडवेलीवर, माणसांमध्ये झालेले अभ्यास छोटे आहेत. ठिसूळ हाडांच्या औषधाची जागा ती घेऊ शकत नाही. तिचं कच्चं खोड खाऊ नका, तोंड-घसा खाजतो. अश्वगंधेने रक्तातलं थायरॉइड संप्रेरकाचं प्रमाण बदलू शकतं, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर शतावरी ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नकोच.

मुतखड्याच्या भीतीने दूध-दही बंद करणंही उलटं पडतं. बरेचसे मुतखडे ज्यापासून बनतात त्या ऑक्झलेटला जेवणातलं कॅल्शिअम आतड्यातच बांधतं.

उंची कमी झालीय, पाठीत अचानक कळ येते, किरकोळ पडून मनगट मोडलं, यातलं काहीही झालं तर घरच्या घरी मात्रा वाढवत बसू नका. डॉक्टरांकडे जाऊन डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करा. तिच्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर कॅल्शिअमसोबत हाडांचं वेगळं औषध लागतं.